दिवस भरण्याआधीच्या कळा

राजापूर-मंडणगडच्या आडगावातली बाई आठव्या महिन्यात पोट दुखतंय म्हणून येते, तेव्हा या कळा खऱ्या की खोट्या, यावर पुढचं सगळं ठरतं. बाळ फारच कमी दिवसांचं असेल तर पुष्कळदा कोल्हापूर गाठावं लागतं; रत्नागिरीहून आंबा घाटाने सुमारे 130 किलोमीटर, तेही ऐन पावसात.

मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत. अकाली प्रसूती टाळण्यासाठी गर्भपिशवीच्या सैल तोंडाला टाका घालण्याची त्यांची शस्त्रक्रिया 1955 मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर त्यांच्याच नावाने रूढ झाली. पण टाका कोणाला घालायचा, हे ठरवायला तेव्हा आधीच्या गर्भपातांची हकीकत आणि तपासणारी बोटं, एवढंच हाताशी होतं.

मोजमाप आलं नव्वदच्या दशकात. 1991 मध्ये फीटल फायब्रोनेक्टिन या प्रथिनाची चाचणी पुढे आली: योनीतल्या स्रावाचा नमुना बोटाने तपासण्याआधीच घ्यायचा, रक्त लागलं की निकाल बिघडतो. 1996 मध्ये योनिमार्गे सोनोग्राफीने मोजलेली तोंडाची लांबी आणि अकाली प्रसूती यांचा संबंध स्पष्ट झाला. बाईने लघवी करून यायचं, प्रोब हलक्या हाताने धरायचा. दाबला तर तोंड आहे त्याहून लांब दिसतं. 25 मिलिमीटरच्या आत आलं की सावध व्हायचं. मला या दोन्ही तपासण्यांचं मोल त्यांच्या ‘नाही’मध्ये वाटतं. फायब्रोनेक्टिन सापडलं नाही, तर आठवडाभरात प्रसूती होण्याची शक्यता फारच कमी. मग घाट चढायची गरज नाही.

अंदाजाने औषध देण्याची किंमत 2015 मध्ये दिसली. बेळगाव आणि नागपूरचाही सहभाग असलेल्या सहा देशांतल्या अभ्यासात बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला द्यायची स्टेरॉइडची इंजेक्शनं गावपातळीपर्यंत पोचवली गेली. ती मिळालेल्यांपैकी अगदी कमी वजनाची बाळं थोड्याच जणींना झाली, आणि एकूण नवजात मृत्यू उलट वाढले. 2020 च्या अभ्यासात मात्र सोनोग्राफीने दिवस नक्की करून, सोयी असलेल्या रुग्णालयांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, तेव्हा बाळं वाचली. त्यातही बेळगाव होतं.

रत्नागिरीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, 108 रुग्णवाहिका तर 2014 पासून धावते. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतच तोंडाची लांबी मोजून कागदावर लिहिली, तर ज्यांचं तोंड आखूड आहे त्यांना प्रोजेस्टेरॉन वेळेवर सुरू करता येतं. ही नोंद प्रत्येक गरोदर बाईच्या कार्डावर हवी.