ऊतिसंवर्धन कक्षातील ट्यूबलाइटचे दोष व त्यांचे निवारण

केळीच्या ऊतिसंवर्धित रोपाचे आरंभीचे आयुष्य सूर्यप्रकाशात नव्हे, तर ट्यूबलाइटखाली जाते. मुनव्याच्या गाभ्यातील कोंबापासून बाटलीत रोपे वाढविताना संवर्धन कक्षाचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात आणि मांडणीवरील नळ्या सामान्यतः दररोज १६ तास चालू ठेवतात. बाटलीच्या पातळीवर हा प्रकाश बहुधा एक ते तीन हजार लक्स इतकाच असतो. भर दुपारच्या उन्हात हेच मान लाखाच्या घरात जाते. रोपांच्या वाट्याला येणारा प्रकाश असा मुळातच मोजका असल्यामुळे एखादी नळी बिघडली, तर तिच्याखालील बाटल्यांना त्याची झळ पोहोचल्यावाचून राहत नाही.

अलीकडे पुष्कळ ठिकाणी एलईडी दिवे आले आहेत. तथापि जुन्या मांडण्यांवर चोक व स्टार्टर असलेल्या नळ्या अद्याप आढळतात. नळी पेटेनाशी झाली की ती काढून नवी लावावयाची, अशी सर्रास पद्धत आहे. परंतु दोष नळीत नसून चोकमध्ये असेल, तर नवी नळीही जळते आणि रोपे अंधारातच राहतात. यास्तव दोष क्रमाक्रमाने शोधणे हेच कमी खर्चाचे व खात्रीचे होय.

नळी कशी पेटते

नळीच्या दोन्ही टोकांस टंगस्टनच्या बारीक तारा असून त्यांवर विशिष्ट लेप दिलेला असतो. नळीत आरगॉन वायू व किंचित पारा असतो. बटन दाबताच स्टार्टरमधील धातूची पट्टी तापून वाकते व मंडल पूर्ण होते. त्यामुळे टोकांच्या तारा तापतात. पट्टी थंड होऊन सुटते त्या क्षणी चोक काही शे व्होल्टचा झटका देतो आणि नळीत विद्युत्प्रवाह सुरू होतो. पाऱ्याच्या बाष्पातून निघणारे अतिनील किरण आतील पांढऱ्या लेपावर पडून दृश्य प्रकाश निर्माण होतो. यानंतर स्टार्टरचे काम संपते. चोकचे मात्र संपत नाही. प्रवाह आवाक्यात ठेवण्याचे काम तो अखेरपर्यंत करीत असतो. चोक बिघडल्यास नळी जळते ती यामुळेच.

लक्षणांवरून निदान

(१) सर्वच नळ्या एकाच वेळी लुकलुकत असल्यास दोष नळ्यांत नसून पुरवठ्यात असतो. व्होल्टेज फार उतरल्याने असे घडते. एकच नळी लुकलुकत असेल, तरच तिच्या पट्टीकडे वळावे.

(२) दोन्ही टोके तांबूस दिसतात व मधला भाग काळोखा राहतो, तेव्हा स्टार्टर आत चिकटलेला असतो. कोरड्या हातांनी स्टार्टर फिरवून काढावा. त्याच्या खाचेत बोट घालू नये. स्टार्टर काढताच नळी नीट पेटली, तर तोच दोषी समजून बदलावा.

(३) नळी मुळीच पेटत नसेल, तर प्रथम ती होल्डरमध्ये नीट बसली आहे की नाही हे पाहावे. दमट कक्षात होल्डरच्या पट्ट्यांवर गंज चढतो व त्या सैल होतात. त्यानंतर स्टार्टर बदलून पाहावा व मग नळी तपासावी.

(४) टोके काळवंडली असून नळी वारंवार लुकलुकत असल्यास तारांवरील लेप झिजला आहे असे समजावे. अशी नळी काढून टाकावी. ती तशीच चालू ठेवल्यास स्टार्टरही निकामी होतो.

(५) नव्या नळीची टोके थोड्याच दिवसांत काळी पडली अथवा ती लावताच जळाली, तर चोकची शंका घ्यावी. चोक तपासल्याशिवाय त्या पट्टीत दुसरी नळी लावू नये.

(६) चोकमधून नुसती घरघर येत असल्यास त्याचे स्क्रू आवळल्याने ती बहुधा थांबते. परंतु जळका वास येत असल्यास पुरवठा तत्काळ बंद करावा. एकाच दिवशी अनेक चोक जळाले, तर न्यूट्रल तार सैल झाली असण्याचा संभव असतो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

या तपासणीत एक नियम कटाक्षाने पाळावा. संशयित नळी चांगल्या पट्टीत लावून पाहावी. चांगली नळी संशयित पट्टीत लावू नये. तसेच एका वेळी एकच भाग बदलावा. दोन भाग एकदम बदलल्यास दिवा पेटतो खरा, परंतु दोष कशात होता हे कळत नाही व चांगला भाग कचऱ्यात जातो. इलेक्ट्रॉनिक चोक असलेल्या पट्टीत वेगळा स्टार्टर नसतो. तेथे नळी व चोक एवढेच तपासावयाचे असतात.

न दिसणारा दोष

विझलेली नळी कोणाच्याही लक्षात येते. मंद झालेली नळी मात्र येत नाही. मनुष्याचा डोळा कमी प्रकाशाला सहज सरावतो, रोपास तसे करता येत नाही. कोंब लांबट व फिकट होऊ लागले, की दोष पोषक माध्यमाला दिला जातो. अशा वेळी कमजोर बाटल्या कोठे आहेत हे प्रथम पाहावे. त्या एकाच नळीखाली असतील, तर प्रकाश तपासावा. एकाच दिवशी तयार केलेल्या माध्यमाच्या बाटल्या निरनिराळ्या मांडण्यांवर असूनही सर्वत्र कमजोर असतील, तर माध्यम तपासावे. एवढ्या निरीक्षणाने पुष्कळ श्रम वाचतात.

प्रत्येक नळीवर ती लावल्याची तारीख लिहावी. दरमहा लक्समापकाने बाटलीच्या पातळीवर, नळीच्या मध्याखाली व दोन्ही टोकांखाली प्रकाश मोजून नोंद ठेवावी. टोकांखाली तो नेहमीच कमी असतो. म्हणून बाटल्यांच्या जागा अधूनमधून बदलाव्यात. मूळ मापापेक्षा प्रकाश पाचव्या हिश्शाने घटल्यास प्रथम पुरवठा बंद करून, नळी थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने धूळ पुसावी. तरीही माप न वाढल्यास नळी बदलावी. सर्व नळ्या एकदम न बदलता पाळीपाळीने बदलाव्यात, म्हणजे रोपांवर प्रकाश एकाएकी वाढत नाही.

वेळनियंत्रकाकडेही लक्ष असावे. जुन्या यांत्रिक प्रकारचे घड्याळ वीज गेली की थांबते. चार तास वीज गेल्यास दिवसरात्रीचे चक्र तितकेच पुढे सरकते. दीर्घ खंडानंतर घड्याळ पुन्हा लावून घ्यावे.

चोकच्या उष्णतेचाही विचार करावा. फळीच्या तळाशी चोक असल्यास वरच्या फळीवरील बाटल्या खालून तापतात, आत पाणी साठते व रोपे काचेसारखी पाणीदार होण्याचा धोका वाढतो. यास्तव चोक कक्षाबाहेर बसविणे इष्ट होय.

खबरदारी

नळी काढण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद करावा. नळी फुटल्यास कक्ष सोडून दारे-खिडक्या उघडाव्यात, वातानुकूलन बंद ठेवावे व सुमारे १५ मिनिटांनी हातमोजे घालून काचा जाड पुठ्ठ्याने गोळा कराव्यात. बारीक चुरा चिकटपट्टीने टिपावा. झाडू किंवा धूळ ओढणारे यंत्र वापरू नये. त्याने पारा पसरतो. फुटक्या व जुन्या नळ्या उकिरड्यावर न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्याव्यात.

पाऱ्याविषयीच्या मिनामाटा करारातील राष्ट्रांनी २०२३ साली या नळ्यांचे उत्पादन २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे ठरविले आहे. त्यामुळे पुढे सुटे भाग मिळणे कठीण होईल. एलईडी नळ्यांकडे वळताना जुनी पट्टी आहे तशी वापरू नये. नव्या नळीच्या सूचनेप्रमाणे वायरिंग बदलून घ्यावे व एका मांडणीवर रोपांची वाढ पाहूनच उरलेल्या मांडण्या बदलाव्यात. तोवर नोंदवही, लक्समापक व दोनचार चांगले स्टार्टर हाताशी ठेवल्यास जुन्या नळ्यांवरही एकसारखी व सुदृढ रोपे तयार करता येतात.