सेकंड हँड गाडी घेताय? आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा

सेकंड हँड गाडी बघायला गेलं की आपण किलोमीटर विचारतो, टायर बघतो, रंगावरून हात फिरवतो. एक प्रश्न मात्र राहून जातो: ही गाडी पावसाळ्यात उभी कुठे असायची?

शनिवार पेठेत हा प्रश्न हमखास विचारावा. जुन्या वाड्यांना पार्किंग नाही, म्हणून बरेच जण नदीपात्रात गाडी लावतात. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रात राहिलेल्या गाड्याही बुडतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पूर आला, तेव्हाही गाड्या पाण्यात गेल्या.

दुरुस्ती फारच महाग असेल, तर विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. मग ती पडत्या भावात विकली जाते आणि काही वेळा धुऊन-पुसून परत बाजारात येते. ती चालतेही. पण आतून वायरिंगचे जोड गंजत राहतात आणि काही महिन्यांनी सेन्सर, पॉवर विंडो, एअरबॅगचा दिवा असं एकेक सुरू होतं.

म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी गुंडाळलेल्या भागावर चिखलाचा डाग सापडू शकतो. मॅटखालचं कार्पेट उचला, सीटचे बोल्ट आणि स्टेपनीची जागा बघा. गाडीत परफ्यूम फारच घमघमत असेल, तर मी तरी संशय घेईन.

मग जुनी पॉलिसी मागा. क्लेम केला नाही तर नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. एकाच मालकाकडे पाच वर्षं असलेल्या गाडीवर तो शून्य दिसला, तर क्लेम कशाचा होता ते विचारा. कधी कधी पॉलिसी खंडित झाल्यानेही तो जातो, पण उत्तर मिळायला हवं. आणि हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो तुम्हाला मिळणार नाही.

व्यवहार ठरला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ सुद्धा. आरसीबरोबर विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तुमच्याच गाडीत पाणी शिरलं, तर कंपनी क्लेम नाकारू शकते.