भिंतीच्या आत राहणारं क्षेत्र

सुरुवातीला पडद्यावर नुसता गोंगाट असतो. ५१२ गुणिले ५१२ घरांचं ग्रिड आणि प्रत्येक घरात शून्याच्या अल्याडपल्याडचा एक आकडा. तो त्या जागी अदिश क्षेत्राचं मूल्य सांगतो. या क्षेत्राला फाय म्हणू. त्याच्या ऊर्जेच्या आलेखात +१ आणि −१ वर दोन सारख्याच खोल दऱ्या आहेत, मध्ये शून्यावर उंचवटा. कोड सुरू झाला की प्रत्येक घर शेजाऱ्यांकडे बघत कुठल्यातरी एका दरीत उतरतं. लांबच्या घरांना एकमेकांचा निर्णय कळत नाही, म्हणून काही ठिकाणी +१ चे पट्टे होतात, काही ठिकाणी −१ चे. विश्व थंड होताना हेच घडलं असेल, अशी मांडणी टॉम किबल यांनी १९७६ मध्ये केली. दोन पट्ट्यांच्या सीमेवर फायला शून्यातून जावंच लागतं, आणि तिथे डोमेन वॉल उभी राहते.

ही भिंत रेषेसारखी दिसली तरी तिला जाडी आहे. एक भिंत मोठी करून घरागणिक आकडे छापून पाहावेत: −०.९ पासून ०.९ पर्यंत पोचायला आठ-नऊ घरं लागतात. घरं याहून फार मोठी घेतली, तर भिंत ग्रिडलाच अडकून बसते आणि पडद्यावर दिसतं ते भौतिकशास्त्र उरत नाही. ०.५ रुंदीच्या घराला मी कालपायरी ०.०५ ठेवते, ती थोडी जरी वाढवली तरी आकडे भडकतात.

पण माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या क्षेत्रात. त्याला सिग्मा म्हणू. त्यालाही शून्य नकोसं असतं, पण फायशी असलेल्या कपलिंगमुळे फाय जिथे ±१ वर आहे तिथे त्याला डोकं वर काढता येत नाही. सुरुवातीच्या धांदलीत ते जागोजागी उगवतं, मग फाय त्याला हटवत नेतं. सगळीकडून हटलेलं सिग्मा शेवटी भिंतींमध्ये सापडतं, कारण फाय शून्य आहे ते तिथेच. फायचा प्लॉट बंद करून नुसतं सिग्मा पाहिलं, की काळ्या पार्श्वभूमीवर भिंतींचं सगळं जाळं उजळलेलं दिसतं. कपलिंगचा आकडा मात्र नेमका हवा. माझ्या एककांत तो १ च्या खाली गेला तर सिग्मा भिंतीबाहेर पसरतं, ३ च्या वर नेला तर भिंतीतही रुजत नाही. आणि रुजलं की ते भिंतीलाही बदलतं: भिंत जाड होते, तिचा ताण उतरतो.

सिग्मालाही दोन चिन्हं आहेत. भिंतीचा एक तुकडा लाल, पुढचा निळा, आणि दोघांच्या सांध्यावर एक अंधुक ठिपका: भिंतीतली भिंत. भिंत स्वतःलाच मिळून जे बंद कडं बनतं, त्यावर असे ठिपके नेहमी सम संख्येतच येतात. एकटा ठिपका पुसता येत नाही, त्याचा जोडीदार त्याला येऊन भिडावा लागतो.

कडी आक्रसत जातात. कोडमध्ये क्षेत्रांना घातलेलं घर्षण भरपूर असेल तर माझ्या एककांत प्रत्येक कड्याचं क्षेत्रफळ दर एकक काळात सुमारे ६.२८ ने घटतं, कडं लहान असो वा मोठं. हा नियम पडद्यावर मोजून पडताळता येतो, आणि त्याचा आनंद मला अजूनही होतो.

खऱ्या विश्वात मात्र भिंती अशा निमूट संपल्या नसत्या. झेल्दोविच, कोब्झारेव्ह आणि ओकुन यांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं, की विश्व प्रसरण पावताना भिंतींची ऊर्जा पदार्थाच्या ऊर्जेपेक्षा सावकाश विरळ होते आणि अखेर भिंतींचंच राज्य होतं. म्हणून जड, टिकाऊ भिंतींना विश्वरचनेत जागा नाही.

सिग्मा वास्तव संख्येऐवजी संमिश्र घेतलं तर चित्र पालटतं. मग त्याला अक्षय प्रभार मिळतो, आणि कडं लहान होऊ लागलं की कोंडलेला तो प्रभार बाहेर रेटतो. रिचर्ड बॅटी आणि पॉल सटक्लिफ यांनी २००८ मध्ये अशी न कोसळणारी कडी दोन मितींत अभ्यासली. माझा कोड आता तिकडे वळवलाय. घर्षण काढून टाकावं लागलं, कारण घर्षणात प्रभार टिकत नाही.