आवाज जातो कुठे? व्हॉल्व्ह अ‍ॅम्पविषयीचे पाच गैरसमज

गिटार छान वाजत असते. अर्ध्या तासाने आवाज खोल जातो, खरखरतो आणि बंद पडतो. अ‍ॅम्पला जरा धक्का लागला की परत येतो. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटार अ‍ॅम्पमधला हा सर्वांत छळणारा बिघाड आहे, कारण दुरुस्तीला नेला की तोच अ‍ॅम्प तासभर बिनतक्रार वाजतो. मग अंदाजाने भाग बदलले जातात, पैसे जातात आणि बिघाड तिथेच राहतो.

खरे तर ‘आवाज परत येतो’ हाच मोठा धागा आहे. पूर्ण जळालेला भाग आपोआप बरा होत नाही. जाणारा-येणारा आवाज बहुतेक वेळा एखादा जोड सुटत असल्याचे सांगतो. हा जोड केबलमध्ये, जॅकमध्ये, व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये किंवा सोल्डरमध्ये असू शकतो. म्हणून पहिली तपासणी फुकटची असावी. सगळे पेडल बाजूला ठेवून, दुसऱ्या केबलने, शक्य असल्यास दुसरी गिटार थेट अ‍ॅम्पला जोडावी. त्यानंतरही आवाज गेला, तरच अ‍ॅम्पकडे वळावे.

गैरसमज १ : आवाज गेला म्हणजे व्हॉल्व्ह गेले, सगळा संच बदला.

वस्तुस्थिती : फेंडरचा ‘हॉट रॉड डिलक्स’ हा १९९०च्या दशकातला, जगभर खपलेला ४० वॅटचा अ‍ॅम्प. त्यात तीन १२एएक्स७ आणि दोन ६एल६ व्हॉल्व्ह असतात. दोन ६एल६ मिळून स्पीकर चालवतात. त्यातला एक निकामी झाला, तर आवाज सहसा क्षीण आणि फाटका होतो, पूर्ण गायब होत नाही. १२एएक्स७ मात्र सिग्नलच्या वाटेवरच बसलेला असतो. त्याच्या नऊ बारीक पिनांपैकी एकीचा संपर्क सैल झाला, तरी आवाज तुटतो. अशा वेळी दोष व्हॉल्व्हचा नसून सॉकेटचा असू शकतो. चांगला असल्याची खात्री असलेला एक १२एएक्स७ घेऊन तो आळीपाळीने प्रत्येक जागी लावून पाहावा. दर वेळी अ‍ॅम्प बंद करून थंड होऊ द्यावा आणि एका वेळी एकच व्हॉल्व्ह बदलावा. एकदम सगळे बदलले, तर दोष कुठे होता ते कळतच नाही. ६एल६ बदलायचे असतील तर जुळवलेली जोडी घ्यावी आणि तंत्रज्ञाकडून बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाची जुळवणी, तपासून घ्यावा.

गैरसमज २ : व्हॉल्व्ह पेटलेला दिसतो, म्हणजे तो चांगला आहे.

वस्तुस्थिती : नारिंगी उजेड एवढेच सांगतो की आतला हीटर तापतो आहे. बाकी भागांची हमी तो देत नाही. उलट, ६एल६च्या काचेवर दिसणारी निळसर झाक पाहून घाबरण्याचे कारण नसते. भीती बाळगावी ती आतला धातूचा पत्रा लालबुंद झाला तर. तेव्हा अ‍ॅम्प तत्काळ बंद करावा. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला आहे.

गैरसमज ३ : इफेक्ट्स लूप कधी वापरलाच नाही, मग त्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती : इफेक्ट्स लूप म्हणजे बाहेरचे इफेक्ट जोडण्यासाठी अ‍ॅम्पच्या मागे असलेली जॅकची जोडी. वापरला नाही, म्हणूनच संबंध. कित्येक अ‍ॅम्पमध्ये, हॉट रॉड डिलक्समध्येही, लूप रिकामा असताना सिग्नल जॅकमधल्या एका छोट्या धातूच्या पट्टीवरून पुढे जातो. प्लग घातला की ती पट्टी उचलली जाते, काढला की पुन्हा टेकते. वर्षानुवर्षे कुणी प्लग घातलाच नाही, तर पट्टीवर ऑक्साइडचा थर चढतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत याची शक्यता अधिक. परीक्षा अगदी सोपी आहे. एक आखूड गिटार केबल मागच्या ‘प्रीअ‍ॅम्प आउट’मधून ‘पॉवर अ‍ॅम्प इन’मध्ये जोडावी. आवाज आला आणि टिकला, तर दोष त्या पट्टीत आहे. अ‍ॅम्प बंद करून प्लगवर थोडा इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा आणि तो जॅकमध्ये अनेकदा आत-बाहेर करावा. बिजागऱ्यांना मारतात तो तेलकट स्प्रे इथे वापरू नये. त्याचा थर उरतो आणि धूळ धरतो.

गैरसमज ४ : तापल्यावर आवाज जातो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर गेला.

वस्तुस्थिती : तापणे आणि निवणे यांचा पहिला मार सोल्डरवर बसतो. हॉट रॉड डिलक्ससारख्या कॉम्बो अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असतात तिथे, व्हॉल्व्ह खाली डोके करून लटकतात, त्यामुळे त्यांची उष्णता वरच्या सर्किटकडे चढते. त्यात त्याच पेटीतला स्पीकर सगळे हादरवत असतो. हॉट रॉड डिलक्समध्ये ५ वॅटचे, ४७० ओहमचे दोन रेझिस्टर इतके तापतात की त्यांच्या पायांशी सोल्डरला तडे जातात, हे दुरुस्ती करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. चॅनेल बदलणारे रिले या रेझिस्टरांमधून येणाऱ्या वीजपुरवठ्यावरच चालतात. अनुभवी तंत्रज्ञ चालू अ‍ॅम्पमध्ये लाकडी काडीने एकेक जोड हलकेच टोचून तडा शोधतो. थंड सर्किटवर तो तडा डोळ्यांना दिसेलच असे नाही.

गैरसमज ५ : स्पीकर काढून किंवा पेटी उघडून पाहायला काय हरकत आहे?

वस्तुस्थिती : दोन्हीला सक्त हरकत आहे. स्पीकरविना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळून तो जळू शकतो. वेगळ्या कॅबिनेटची केबल आतून तुटलेली असली तरी हाच धोका असतो. तिथे जाड तारांची स्पीकर केबलच हवी, गिटारची नव्हे. पेटीच्या आतले कपॅसिटर ४०० व्होल्टच्या पुढचा दाब धरून असतात आणि प्लग काढल्यावरही तो बराच काळ टिकू शकतो. हा धक्का जिवावर बेततो. फ्यूज वारंवार उडत असेल, तर जास्त अँपिअरचा फ्यूज बसवू नये.

बाहेरच्या तपासण्या संपल्या की अ‍ॅम्प व्हॉल्व्हचे काम जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडेच द्यावा. सोबत एका कागदावर लिहून द्यावे : आवाज किती मिनिटांनी जातो, कोणत्या चॅनेलवर जातो, त्या वेळी स्पीकरमधून गुणगुण येते की पूर्ण शांतता असते, आणि काय हलवल्यावर तो परत येतो. टेबलावर अ‍ॅम्प नीट वाजत राहिला, तरी या चार नोंदींवरून तंत्रज्ञाला शोध कुठून सुरू करायचा ते कळते.