पास केव्हा द्यायचा? रग्बीतील निर्णय आणि सरावातले खेळ

कॅडेट मित्रांनो, रग्बीच्या सरावातले एक नेहमीचे दृश्य आठवा. चार जण एका रेषेत धावतात, चेंडू या टोकाकडून त्या टोकाकडे जातो, एकही पास खाली पडत नाही. उस्ताद खूश होतात. पुढे सामन्यात मात्र तेच चौघे, समोर दोनच बचावपटू असताना, चेंडू छातीशी धरून त्यांच्याच अंगावर जाऊन आदळतात. हात तयार झालेले असतात, पण पास केव्हा द्यायचा हे ठरवण्याचा सराव झालेला नसतो.

रग्बीत चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही. पास द्यायचा तो बाजूला किंवा मागे. त्यामुळे ज्याच्या हाती चेंडू आहे तोच सगळ्यांच्या पुढे असतो आणि त्याच्यासमोर तीन वाटा असतात : स्वतः धावणे, पास देणे किंवा किक मारणे. निवड करायला जेमतेम एखादा क्षण मिळतो. त्या क्षणी मैदानाबाहेरून हुकूम येऊ शकत नाही, आणि आला तरी उशीर झालेला असतो.

इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील रॉड थॉर्प आणि डेव्हिड बंकर यांनी १९८२ मध्ये याच अडचणीवर बोट ठेवले. मुलांना आधी सगळी तंत्रे घोटून द्यायची आणि मग खेळायला सोडायचे, या पद्धतीत तंत्र येते पण खेळ समजत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी सुचवलेली वाट अशी : आधी सोपा केलेला खेळ द्या, त्यात मुलांना अडचण येऊ द्या आणि ती सोडवण्यासाठी लागणारे तंत्र त्यानंतर शिकवा.

याचा सर्वांत साधा नमुना म्हणजे 'दोघांविरुद्ध एक'. साधारण १० मीटर रुंद आणि २० मीटर लांब पट्टा आखा. दोन आक्रमक आणि एक बचावपटू. टॅकल नाही, दोन्ही हातांनी स्पर्श झाला की डाव संपला. चेंडूवाल्याने बचावपटूच्या रोखाने सरळ धावत जायचे आणि त्याच्याकडे पाहायचे. तो आपल्या अंगावर आला तर साथीदार मोकळा आहे : पास द्या. तो साथीदाराकडे सरकला तर आपल्यासमोर वाट मोकळी आहे : स्वतः धावा. पास फार लवकर दिला तर बचावपटूला वळून साथीदाराला गाठायला वेळ मिळतो. उशीर केला तर चेंडूसकट आपणच सापडतो. मैदानावर ठेवलेले प्लॅस्टिकचे शंकू हे कधीच शिकवत नाहीत, कारण शंकू हलत नाही.

हे जमू लागले की चौघांविरुद्ध तिघे खेळवा. मग नियम बदला. मैदान अरुंद केले तर खेळाडू सरळ धावायला आणि चेंडू राखायला शिकतात. रुंद केले तर कडेची मोकळी जागा शोधू लागतात. डाव सुरू असताना शिट्टी वाजवून एक जादा बचावपटू बाजूने आत सोडा. क्षणापूर्वीचा बरोबर निर्णय आता चुकीचा ठरतो आणि खेळाडूला पुन्हा मान वर करून पाहावे लागते. 'पाहा' असे ओरडण्यापेक्षा, पाहिल्याशिवाय जिंकताच येणार नाही असा नियम करणे अधिक परिणामकारक ठरते.

प्रशिक्षकाचे काम यात कमी होत नाही, फक्त बदलते. खेळ अधूनमधून थांबवावा, सगळ्यांना जागच्या जागी उभे करावे आणि विचारावे : "तुला काय दिसलं? जागा कुठे होती?" उत्तर खेळाडूला शोधू द्यावे. दोन प्रश्न पुरेत, मग खेळ पुन्हा सुरू. आणि चुकलेल्या पासबद्दल रगडा देऊ नये. शिस्त मोडली तर रगडा समजू शकतो, पण प्रामाणिक निर्णय चुकला म्हणून शिक्षा मिळाली, तर तो कॅडेट पुढच्या वेळी पास देण्याची जोखीमच घेणार नाही.

मग घोटून घेतलेला सराव टाकून द्यायचा का? मुळीच नाही. टॅकल करताना डोके कुठे ठेवायचे, स्क्रममध्ये पाठ कशी ठेवायची, हे सुरक्षिततेचे विषय आहेत. ते सावकाश, पुन्हा पुन्हा आणि देखरेखीखालीच शिकवले पाहिजेत.

दडपणाखाली मोठे संघही गडबडतात. २००७ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंड मध्यंतराला फ्रान्सविरुद्ध १३-३ असे पुढे होते. सामना त्यांनी १८-२० असा गमावला. तीन गुणांचा एक ड्रॉप गोल पुरेसा होता, पण अखेरच्या मिनिटांत ते ट्रायसाठीच धडका देत राहिले. एकच प्रयत्न झाला, तोही उशिरा आणि लांबून, आणि हुकला. या पराभवानंतरही प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांना पदावर कायम ठेवण्यात आले आणि संघाने दडपणाखाली विचार कसा करायचा यावर मुद्दाम काम केले. २०११ च्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा फ्रान्स होता. या वेळी न्यूझीलंडने एका गुणाची आघाडी शेवटपर्यंत टिकवली : ८-७.

आपल्याला ही पद्धत परकी वाटू नये. सँड मॉडेलभोवती उभे करून "शत्रू इथून आला तर तू काय करशील?" असे विचारले जाते, ते याचसाठी. ड्रिल स्क्वेअरवर हुकुमाची वाट पाहायची असते. रग्बीच्या मैदानावर, आणि उद्या तुकडीच्या पुढे असताना, हुकूम येण्याआधीच ठरवण्याची वेळ येऊ शकते.

पालकांना एक विनंती. पुढच्या फोनवर 'जिंकलात का?' हे जरूर विचारा. त्यानंतर एवढेही विचारा, 'तो पास तू का दिलास?' उत्तर देताना तुमचा मुलगा किंवा मुलगी तो क्षण पुन्हा एकदा पाहील, आणि तोही सरावच आहे.