फैजपूरचा मांडव आणि मतदारांची यादी

बोदवडहून भुसावळ गाठले आणि तापी ओलांडली, की पुढे फैजपूर लागते. डिसेंबर 1936 मध्ये तिथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. तोवर ही सभा शहरांत भरायची. खेड्यात भरली ती पहिल्यांदाच. गांधीजींचा तसा आग्रह होता. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी अशी मंडळी त्यासाठी राबली. बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या वस्तूंनी ते नगर सजवले. सभेला दूरदूरचे शेतकरी आले.

अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. सभेपुढे प्रश्न मोठा होता. देशाचा कायदा कोणी करायचा? 1935 साली इंग्रजांच्या पार्लमेंटाने हिंदुस्थानासाठी कायदा केला होता. फैजपूरने ठराव केला : हा कायदा आम्हांला नको. आमची राज्यघटना आमची माणसे करतील, आणि ती माणसे प्रौढ मतदानाने निवडली जावीत.

प्रौढ मतदान म्हणजे काय? त्या वेळी सगळ्यांना मत नव्हते. ठराविक शेतसारा किंवा कर भरणारा, नाही तर शिकलेला, अशांनाच मत असे. सालदाराला कोण विचारतो? त्याच्या बायकोचे तर नावच काढू नका! वयात आलेल्या प्रत्येकाला मत, हे प्रौढ मतदान.

खरे सांगायचे तर 1946 साली घटना समिती तशी निवडली गेली नाही. प्रांतांच्या आमदारांनी ती निवडली. पण 1948 मध्ये घटनेचा मसुदा छापून लोकांपुढे ठेवला, तेव्हा ठिकठिकाणांहून सूचना आल्या. आणि 26 नोव्हेंबर 1949 रोजी मंजूर झालेल्या घटनेत प्रौढ मतदान आलेच. तेव्हा वय 21 होते, 1989 पासून ते 18 झाले.

पहिल्या निवडणुकीच्या याद्या झाल्या, तेव्हा काय झाले पाहा. उत्तरेकडच्या कितीतरी बाया आपले नाव सांगेनात. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढेच सांगत. अशी सुमारे 28 लाख नावे यादीतून गाळावी लागली. हक्क मिळाला होता, पण नाव सांगायची लाज आड आली!

तुम्हांला आता आपले नाव वाचता येते. मतदारांची यादी मागा आणि त्यात ते शोधा. नसेल तर 6 नंबरचा अर्ज भरा. चुकीचे छापले असेल तर 8 नंबरचा.