लघु लेझर कर्तन यंत्राच्या कार्यपृष्ठाची सुधारणा : एक विवेचन

बीजसंज्ञा : लेझर कर्तन यंत्र, कार्यपृष्ठ, नाभी अंतर, प्रयोगशाळा सुरक्षितता

प्रस्तावना :
अनेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांत आता ४० वॉट क्षमतेची छोटी लेझर कर्तन यंत्रे आढळतात. ॲक्रिलिक, प्लायवूड व पुठ्ठा यांपासून प्रतिकृती आणि प्रयोगाचे सुटे भाग तयार करण्यास ती उपयुक्त ठरतात. तथापि, ३ मि.मी. जाडीचे प्लायवूडही आरपार कापले जात नाही, अशी तक्रार होते व अधिक वॉटच्या यंत्राची मागणी पुढे येते. बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या विभागातही हेच घडले. एका कोपऱ्यात कर्तन अपुरे राहते म्हणून विद्यार्थ्यांनी यंत्राचा वेग कमी केला आणि प्लायवूडने पेट घेतला. वीजपुरवठा तोडून ज्वाला वेळीच विझविता आली. नंतर तपासणी केली असता दोष लेझरनळीत नसून वस्तू ज्यावर ठेवली जाते त्या बेडमध्ये, म्हणजेच कार्यपृष्ठामध्ये, असल्याचे दिसून आले. या कार्यपृष्ठाचे महत्त्व व त्याच्या सुधारणेची पद्धती स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पार्श्वभूमी :
या यंत्रांत वापरला जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड लेझर इ.स. १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार पटेल यांनी विकसित केला. त्यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती येथे झाला व अभियांत्रिकीचे शिक्षण पुणे येथे झाले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. लेझर कर्तन यंत्र हे अशा प्रयोगशाळांतील एक प्रमुख साधन असते. म्हणजेच हे तंत्रज्ञान व त्याचा ग्रामीण शिक्षणातील वापर या दोन्हींशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे.

उंचीचे महत्त्व :
या लेझरच्या किरणाची तरंगलांबी सुमारे १०.६ मायक्रोमीटर असून तो डोळ्यांना दिसत नाही. सुमारे ५० मि.मी. नाभी अंतराचे भिंग त्यास एका बिंदूत एकवटते. भिंगावर पडणारा किरण ४ मि.मी. रुंदीचा व आदर्श स्वरूपाचा मानल्यास या बिंदूचा व्यास सुमारे ०.१७ मि.मी. येतो. नाभीपासून केवळ २ मि.मी. वर किंवा खाली गेल्यास बिंदूचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होते व तीव्रता निम्म्यावर येते. नळी ४० वॉटचीच असते. परंतु काम मात्र निम्म्या शक्तीच्या यंत्रासारखे होते. शक्ती वाढविण्यापूर्वी उंची तपासावी, असे म्हणण्याचे कारण हेच.

मूळ रचनेतील उणिवा :
स्वस्त यंत्रांत बहुधा एक पत्रा व मध्यभागी स्प्रिंगचा चिमटा असतो. त्याची उंची बदलता येत नाही. त्यामुळे २ मि.मी.चा पुठ्ठा व ८ मि.मी.चे लाकूड या दोहोंसाठी योग्य नाभी साधणे अशक्य होते. अखंड पत्र्यावरून परावर्तित होणारी उष्णता वस्तूची खालची बाजू काळवंडते व धूरही खालून निघून जात नाही. पावसाळ्यात दमटपणामुळे प्लायवूडला बाक येतो. हा बाक दाबून धरण्याची सोय लहानशा चिमट्यात नसते.

सुधारणेची पद्धती :
१) प्रथम आरशांची जुळणी तपासावी. किरण भिंगाच्या मध्यातून जात नसल्यास कार्यपृष्ठ बदलून उपयोग नाही.
२) लाकडाची पट्टी तिरपी ठेवून कमी शक्तीवर तिच्यावर एक रेषा उमटवावी. रेषा जेथे सर्वांत बारीक येते, तेथील भिंगापर्यंतची उंची हेच खरे नाभी अंतर समजावे. त्या मापाचा ॲक्रिलिकचा ठोकळा कायमचा मापदंड म्हणून जपावा.
३) मूळ पत्रा काढून मधमाशांच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी बसवावी. ती सहज न मिळाल्यास खिडक्या तयार करणाऱ्या दुकानातून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणून त्या उभ्या, समांतर व समान अंतरावर चौकटीत बसवाव्यात. वस्तूचा स्पर्श केवळ पट्ट्यांच्या कडांना होत असल्याने डाग कमी पडतात. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. बाकदार प्लायवूड दाबण्यासाठी खिळे किंवा वजने वापरावीत.
४) चौकटीच्या चारही कोपऱ्यांत ६ मि.मी.चे बोल्ट बसवावेत. त्यांच्या प्रमाणित आट्यांतील अंतर १ मि.मी. असल्याने एका फेऱ्यात कार्यपृष्ठ १ मि.मी. वर-खाली होते. चारही बोल्ट पुली व दातेरी पट्ट्याने जोडल्यास ते एकसमान फिरतात.
५) पाणसळ लावून सपाटी पाहणे येथे दिशाभूल करणारे ठरते. कार्यपृष्ठ जमिनीशी नव्हे, तर भिंग ज्या दांड्यावरून सरकते त्याच्याशी समांतर हवे. म्हणून चारही कोपरे व मध्य येथे मापदंडाचा ठोकळा लावून अंतर पडताळावे.
६) कोरीवकामासाठी नाभी पृष्ठभागावर ठेवावी, जाड वस्तू कापताना ती पृष्ठभागाच्या किंचित खाली घ्यावी.

सुरक्षितता :
यंत्र उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढून ठेवावी, कारण लेझरनळीस हजारो व्होल्टचा विद्युतदाब दिला जातो. अनेक स्वस्त यंत्रांत झाकण उघडताच किरण बंद करणारा खटका नसतो. तो अवश्य बसवावा. जाळीखाली काढता येणारा पत्र्याचा ट्रे ठेवून त्यातील जळके तुकडे दररोज साफ करावेत, कारण आगीस निमित्त तेच होते. पीव्हीसी व पीव्हीसीयुक्त रेक्झिन कदापि कापू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो. यंत्र सुरू असताना कोणीतरी जवळ थांबणे व अग्निशामक हाताशी असणे अनिवार्य मानावे.

समारोप :
वरील सुधारणा स्थानिक वेल्डिंग व लेथच्या दुकानांच्या साहाय्याने होऊ शकते. तिचे शैक्षणिक मूल्यही मोठे आहे. नाभी, समांतरता व तीव्रता या पाठ्यपुस्तकी संकल्पना विद्यार्थी स्वतःच्या हाताने मोजतात. नवीन यंत्राचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी विभागांनी जुन्या यंत्राचे कार्यपृष्ठ एकदा तपासावे, कारण महागडे यंत्रही चुकीच्या उंचीवर हीच चूक अधिक शक्तीने करील.